पहिला पैसा कुठे घालायचा?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला जो रस्ता आहे, त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं तरी काँप्युटरचे सुटे भाग घ्यायला येणारा प्रत्येकजण त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथल्या काउंटरवर एक संवाद दिवसभर ऐकू येतो. गिऱ्हाईक प्रोसेसरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा भाव विचारतं. काउंटरमागचा माणूस भाव सांगायच्या आधी उलट विचारतो, "बोर्ड कोणता आहे?" बहुतेकांना ते ठाऊक नसतं. मग कॅबिनेटचा फोटो दाखवला जातो, घरी फोन लावला जातो, कोणीतरी बिल शोधायला लागतं. दुकानदार भाव टाळत नसतो. जुन्या मशीनमध्ये काय बसेल आणि काय नाही, हे ठरवणारा भाग मदरबोर्डच असल्यामुळे त्याला तेच आधी कळायला हवं असतं.

डेस्कटॉपचे भाग असे सुटे बदलता येतात, याचं श्रेय बऱ्याच अंशी आयबीएमच्या एका घाईला जातं. १२ ऑगस्ट १९८१ला आलेला आयबीएम पीसी लवकर बाजारात आणायचा होता. त्यामुळे कंपनीने इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि इतरांकडे तयार मिळणारे भाग वापरले, आत पाच एक्स्पान्शन स्लॉट ठेवले आणि यंत्राची तांत्रिक माहितीही छापून टाकली. त्या माहितीवर इतर कंपन्यांनी कार्डं बनवली, पुढे अख्खी यंत्रंही बनवली. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला आणि बोर्डाचं माप, स्क्रूच्या भोकांच्या जागा, वीजजोडणी हे सगळं ठरून गेलं. पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, तर आपल्याकडच्या स्वस्त मशीनमध्ये दिसणारा मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटरचा चौकोन. वीस वर्षांपूर्वीच्या असेंबल्ड कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसू शकतो तो त्यामुळेच.

बोर्डावरची सगळी अंगं मात्र इतकी दीर्घायुषी नसतात. इंटेलच्या प्रोसेसरचा सॉकेट सहसा दोन-तीन वर्षांत बदलतो, रॅमची पिढी सहा-सात वर्षांत. सॅटा केबलचं टोक वीस वर्षांत बदललेलं नाही. स्वस्तात अपग्रेड करणाऱ्याला यातला कोणता सांधा जुना झालाय आणि कोणता अजून नवा भाग घेईल, एवढं ओळखता आलं पाहिजे.

अडतं कुठे?

१९६७मध्ये जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने एक साधा हिशेब मांडला. कामाचा जो भाग वेगवान केलेला नाही, तोच एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. समजा, मशीन सुरू होऊन ब्राउझर उघडेपर्यंत १०० सेकंद जातात. त्यातले ७० डिस्कची वाट पाहण्यात आणि ३० प्रोसेसरच्या कामात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घातला तर ३०चे १५ होतील आणि एकूण वेळ ८५ सेकंद. त्याऐवजी डिस्क दहापट वेगाची केली तर ७०चे ७ होतील आणि एकूण वेळ ३७. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून जेवढे पैसे जातात, त्याच्या लहानशा हिश्श्यात हा दुसरा बदल होतो.

अडतं कुठे हे पाहायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचं काम चालू ठेवून त्यातली परफॉर्मन्स ही पाटी पाहावी. डिस्क १००% वर अडकलेली आणि प्रोसेसर २०% वर असेल तर दोष डिस्कचा. मेमरी ९०%च्या वर असेल तर रॅम अपुरी, आणि मग डिस्कवरचा ताणही बऱ्याचदा त्यातूनच आलेला असतो, कारण रॅममध्ये न मावलेला मजकूर विंडोज डिस्कवर ठेवतं. दोन्ही निवांत असून प्रोसेसरच १००% ला टेकलेला असेल, तरच प्रोसेसरचा भाव विचारायला जावं.

मेमरीच्याच पानावर रॅमचे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत, हेही दिसतं. बोर्डाचं नाव हवं असेल तर सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर मेनबोर्डच्या पानावर नाव, चिपसेट आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची) तारीख दाखवतं. त्या पानाचा फोटो खिशात असला की काउंटरवरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तयार असतं.

डिस्क आणि रॅम

आपल्याकडे अजून हजारो घरांत आणि दुकानांत चालू असलेलं एक मशीन घ्या: एच६१ चिपसेटचा बोर्ड, २०१२चा आय३-३२२० प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. ही डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो मजकूर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हेड योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. अशा विखुरलेल्या ठिकाणच्या वाचनाच्या सेकंदाला ऐंशीच्या आसपास खेपा होतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली अशाच विखुरलेल्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. तिला तोच मजकूर काढायला दहावा हिस्सा मिलिसेकंद किंवा त्याहून कमी लागतो.

एच६१ बोर्डावरचं सॅटा जुन्या पिढीचं, ३ गिगाबिटचं. त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५५० मेगाबाइट छापलेलं असलं तरी इथे पावणेतीनशेच्या आसपासच मिळतात. तरीही फरक डोळ्यांना दिसतो, कारण फायदा मोठी फाइल एका दमात वाचण्यात नसून त्या हजारो लहान खेपांत आहे. या बोर्डावर एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची जागा, नसतो. कार्डाच्या आधाराने एनव्हीएमई ही सॅटापेक्षा वेगवान एसएसडी लावली तरी त्या काळचे बायोस सहसा तिच्यावरून विंडोज सुरू करू देत नाहीत. इथे साधी अडीच इंची सॅटा एसएसडीच घ्यावी.

नव्या बोर्डावर एम.२ स्लॉट असला तरी थोडं थांबावं. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी ती पट्टी सॅटाची असते किंवा एनव्हीएमईची. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. काही स्लॉट फक्त सॅटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत दिलेलं असतं आणि नेमकी तीच ओळ खरेदीनंतर वाचली जाते.

एसएसडी लिहून लिहून संपते, अशी एक भीती अजून ऐकू येते. खोटी नाही, पण आकडा पाहावा. २०१७पासून विकल्या जाणाऱ्या किंग्स्टनच्या ए४०० या स्वस्त एसएसडीच्या २४० जीबी आवृत्तीवर एकूण ८० टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी तो हिशेब ४,००० दिवसांचा, म्हणजे जवळपास अकरा वर्षांचा होतो. घरच्या वापरात रोज २० जीबी लिहिणारे थोडेच.

रॅमच्या बाबतीत पिढी चुकली की गाठ पडत नाही. डीडीआर३च्या पट्टीला २४० पिना आणि १.५ व्होल्ट. डीडीआर४ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. डीडीआर५च्या पिनाही २८८च, पण वीज १.१ व्होल्ट आणि खालची खाच वेगळ्या जागी. ही खाच मुद्दाम सरकवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी बसणारच नाही. न बसणारी पट्टी दाबून बसवायच्या प्रयत्नात स्लॉट फुटलेले बोर्ड दुरुस्तीच्या दुकानांत येत असतात. ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्यांवर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत.

एकाच स्लॉटात ८ जीबी, की दोन स्लॉटांत चार-चार? ३,२०० वेगाची डीडीआर४ पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट मजकूर हलवू शकते. दोन पट्ट्या योग्य स्लॉटांत लावल्या तर बोर्ड दोन्ही वाटा एकदम वापरतो आणि आकडा ५१.२ होतो. टायपिंगच्या कामात हे जाणवत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर मात्र फरक पडतो, कारण प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप हीच रॅम उसनी घेते.

भावाचं काय? २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी हे मुख्य कारण, त्यात मोठ्या कंपन्यांनी डीडीआर४चं उत्पादन आवरतं घेतलेलं. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत ज्या मशीनवर जुनी डीडीआर४ चालू राहील, ते मशीन मोडीत काढण्याआधी दोनदा विचार करावा.

प्रोसेसर बदलला की मागोमाग काय काय येतं

प्रोसेसरचा मोह सगळ्यात मोठा आणि फसगतही तिथेच सगळ्यात जास्त. जानेवारी २०१७मध्ये इंटेलचा आय५-७५०० आला, चार कोअरचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आय५-८४०० आला, सहा कोअरचा. दोघांचाही सॉकेट १,१५१ पिनांचा, माप सारखं, बसतातही. पण ७५००च्या बोर्डावर ८४०० चालत नाही. इंटेलने पिनांची कामं बदलली आणि नव्या प्रोसेसरसाठी ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक केला. म्हणजे प्रोसेसर घेतला की बोर्ड आला. बोर्ड आणखी नव्या पिढीचा असेल तर रॅम आली, आणि स्वस्त एसएमपीएस (वीज देणारा डबा) असेल तर तोही. तीन भाग बदलायची वेळ आली की ते अपग्रेड राहत नाही, जुन्या कॅबिनेटमधलं नवं मशीन होतं. ते करू नये असं नाही, पण त्याचा हिशेब नव्या मशीनच्या भावाशी लावावा.

एएमडीने याच काळात वेगळी वाट धरली. एएम४ हा सॉकेट २०१६मध्ये आला, रायझन प्रोसेसर मार्च २०१७मध्ये. २०२२मध्ये तर पहिल्या पिढीच्या ए३२० आणि बी३५० बोर्डांवरही ५००० मालिका चालवायला कंपनीने परवानगी दिली. त्यामुळे २०१७च्या बोर्डावर २०२२चा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० बसतो, तीच रॅम, तीच केबल. मात्र बोर्डाच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी नवा बायोस काढलेला असला पाहिजे, आणि तो जुना प्रोसेसर लावलेला असतानाच भरून घ्यायचा असतो. आधी जुना काढून विकला आणि नवा लावला, तर पडदा काळाच राहतो. बायोस भरताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावं. जुन्या काही बोर्डांवरची बायोसची चिप १६ मेगाबाइटची होती. सगळ्या पिढ्यांची माहिती तीत मावेना, तेव्हा कंपन्यांनी नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. अशा बोर्डावर नवा बायोस भरला की जुना प्रोसेसर कदाचित पुन्हा चालणार नाही.

नावातलं शेवटचं अक्षर पाहायला विसरू नये. ५६००मध्ये ग्राफिक्स चिप नाही, ५६००जीमध्ये आहे. इंटेलच्या आय३-१२१००मध्ये आहे, १२१००एफमध्ये नाही. 'एफ' थोडा स्वस्त पडतो आणि घरी आणल्यावर मॉनिटरची वायर बोर्डाला लावली तरी चित्रच येत नाही.

हे सगळं करण्याआधी दोन लहान कामं पाहावीत. बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ व्होल्टचा. तो संपला की बंद केलेलं मशीन तारीख विसरतं. मग बँकेची वेबसाइट प्रमाणपत्र चुकीचं आहे म्हणून उघडत नाही आणि घरचे म्हणतात, काँप्युटर जुना झाला. दुसरं काम प्रोसेसरवरच्या पंख्याचं. सुकलेली थर्मल पेस्ट आणि पात्यांवरची धूळ यांमुळे प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब यांचा खर्च नव्या प्रोसेसरच्या जवळपासही जात नाही.

ग्राफिक्स कार्ड आणि वीज

खेळ, व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी यांपैकी काही करायचं नसेल तर वेगळं कार्ड लागत नाही. लागतच असेल तर खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. एनव्हिडियाच्या जीटी १०३० या स्वस्त कार्डाची गोष्ट बोलकी आहे. २०१७मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आलं. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्डही बाजारात आलं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ गिगाबाइट मजकूर हलवते, दुसऱ्याची १६.८. खोक्यावरचं नाव तेच, फरक फक्त मेमरीच्या प्रकाराच्या बारीक ओळीत.

कार्डाला वीज कुठून मिळते, हाही प्रश्न आहे. बोर्डावरचा लांब स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. २०१९चं जीटीएक्स १६५० या मर्यादेत बसतं, त्यामुळे त्याच्या बऱ्याच मॉडेल्सना वेगळी वायर लागत नाही. जुन्या मशीनसाठी लोक ते शोधतात ते याचसाठी. एएमडीचं आरएक्स ६४०० तर ५३ वॅटवर चालतं. पण त्याच्यात बोर्डाशी बोलायला सोळाऐवजी चारच मार्गिका आहेत. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटात ते चालून जातं, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्याच चार मार्गिकांचा वेग निम्मा होतो.

आता एसएमपीएस. दुकानात मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिलेला हलका डबा मिळतो. तो उलटा करून बाजूचं लेबल वाचावं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या वाटेवर जगतात, म्हणून तिथला अँपियरचा आकडा महत्त्वाचा. +१२ व्होल्टसमोर १६ अँपियर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटांवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. नावाजलेल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर याच जागी साधारण ३० अँपियरच्या पुढचा आकडा दिसतो. ८० प्लस हे २००४पासून दिलं जाणारं प्रमाणपत्र भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८०% आत पोचते एवढं सांगतं. मशीनच्या सगळ्या भागांना वीज देणारा हा डबा बिघडला तर एकटा जात नाही, बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो. बजेट ओढाताणीचं असेल तर ग्राफिक्स कार्डात कपात करावी, इथे करू नये.

यूपीएसचंही गणित पाहून घ्यावं. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीए यूपीएसवर बऱ्याचदा बाजूला ३६० वॅट छापलेलं असतं. मशीन आणि मॉनिटर मिळून त्यापेक्षा जास्त ओढू लागले तर वीज जाताच तो किंचाळून बंद पडतो.

ऑफिसातून निघालेली मशीनं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज ११ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलकडून ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७च्या त्या जोडीतला ८४०० आत आणि ७५०० बाहेर. एएमडीकडे सहसा रायझन २००० मालिकेपासून, पण रायझन ३ २२००जी नावाने २००० मालिकेतला असूनही जुन्या रचनेचा असल्यामुळे यादीत नाही. टीपीएम नाही असा संदेश आला म्हणून लगेच मॉड्यूल विकत घेऊ नये. बऱ्याच बोर्डांत ते असतं आणि बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलकडे ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीकडे एफटीपीएम.

या बदलामुळे कंपन्यांनी काढलेली डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी मशीनं रिफर्बिश्ड बाजारात मिळतात. एच६१चं मशीन सुधारत बसण्यापेक्षा आठव्या पिढीचं असं मशीन कधीकधी खरोखर स्वस्त पडतं. फक्त ती एटीएक्सच्या घरातली नाहीत हे लक्षात ठेवावं. ऑप्टिप्लेक्स ९०२०ला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांची वीजजोडणी लागते, म्हणून बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. अरुंद कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डही कमी उंचीचंच लागतं. रॅम आणि एसएसडी एवढंच ज्याला वाढवायचंय, त्याचं काही अडत नाही.

विंडोज ११ न चालणारं जुनं मशीनही फेकायचं कारण नाही. टायपिंग, ब्राउझर आणि व्हिडिओ एवढ्या कामांसाठी लिनक्स मिंट चालतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने केलेलं बॉस लिनक्सही आहे. दुकानाच्या बिलांचं किंवा छपाईचं जुनं विंडोज सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर मात्र आधी त्याची सोय पाहावी. त्या सॉफ्टवेअरचं डाँगल, म्हणजे कुलुपाची चावी, किंवा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर समांतर पोर्टवर असेल, तर बऱ्याच नव्या बोर्डांवर ते पोर्ट नसतं, हेही.

खरेदीच्या दिवशी बिल जीएसटीसह घ्यावं. १८% वाचवायला कच्च्या कागदावर आकडा लिहून घेतला की वॉरंटीच्या वेळी तो कागद कामाला येत नाही. बॉक्स पॅक प्रोसेसरवर साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. बिलावर भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि खोकं टाकू नये.

जुन्या डिस्कचं काय करायचं ते क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर सांगतं. रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, यांच्यापुढचा कच्चा आकडा शून्य असेल तर तीच डिस्क दुसऱ्या सॅटा केबलवर फोटो आणि व्हिडिओंसाठी ठेवता येते. आकडा वाढत चालला असेल तर तिच्यावर काही ठेवू नये. विकायचीच असेल तर क्विक फॉरमॅटवर थांबू नये, त्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते आणि आधार कार्डाच्या स्कॅनसकट मागचा सगळा मजकूर जागेवरच राहतो. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट प्रत्येक जागी शून्य लिहितं. ५०० जीबीच्या डिस्कला त्यात दीड-दोन तास जातात, तेवढा वेळ देऊन मगच ती काउंटरवर ठेवावी.